बिराजदार डॉक्टर आणि मऊ ब्रेक

बिराजदार डॉक्टर कुठल्याही गाडीकडं मागून जात नाहीत. गाडी चालू असो, बंद असो, पंक्चर होऊन महिनाभर धूळ खात पडलेली असो. ते लांबून वळसा घालून आधी तिच्या तोंडासमोर येतात, थोडं थांबतात, तिला आपल्याकडं नीट बघू देतात आणि मग बाजूनं जाऊन बॉनेटवर हात ठेवतात. मुरुमच्या स्टँडवर उमरग्याची एसटी लागली की सगळी गर्दी दारावर तुटून पडते. डॉक्टर मात्र त्या गर्दीतून बाहेर पडून बसच्या तोंडापुढं जाऊन उभे राहतात. ही ओळख होईपर्यंत सगळ्या जागा भरलेल्या असतात. मग ते उमरग्यापर्यंत उभ्यानं जातात आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नसते.

एकदा आमच्या रस्त्याचं काम चाललं होतं. रोडरोलर पाहून डॉक्टर थांबले आणि खडीच्या ढिगावरून चढून, पलीकडं उतरून पुढच्या बाजूला आले. वर बसलेला ड्रायव्हर हसला. "डॉक्टर, ह्यो लाथ न्हाय मारत."

"तुला काय म्हाईत?" डॉक्टर म्हणाले. "तू कायम वर बसलेला असतोस."

डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली. ऐन तरुणपणी एका बाजारात, मागून तपासायला गेले म्हणून, एका म्हशीनं त्यांना असं काही उडवलं की ते शेजारच्या कडब्याच्या गंजीत सापडले. तेव्हापासूनचा हा नियम. ते रिटायर झाले तोवर गावातले गोठे कमी झाले होते. जिथं गाय बांधलेली असायची तिथं मोटरसायकल लावलेली, जिथं दावण होती तिथं कुणाच्या तरी जावयाची कार. डॉक्टरांनी मग पेशंट बदलले. पद्धत बदलली नाही.

मी मूळची भूमची. बँकेत नोकरीला आहे. बदली होऊन मुरुमला आले तेव्हा डॉक्टरांच्या आवारातलीच एक खोली मला भाड्यानं मिळाली. मधे मोठं कडुलिंबाचं झाड, एका बाजूला त्यांचं घर, दुसऱ्या बाजूला माझी खोली. भूमला माझे वडील एकटे असतात. सुट्टीला जोडून त्यांच्याकडं जाता यावं म्हणून मी एक जुनी पांढरी कार घेतली होती. ती लिंबाखाली लावली त्या दिवशीच डॉक्टर तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

"हिचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"गाडीचं? नाव नाही ठेवलेलं."

"मग हाक कशी मारतीस, अव्वा?"

अव्वा म्हणजे आई. इकडं कानडी मुलूख जवळ आहे, म्हातारी माणसं लेकीसुनांनाही मायेनं अव्वा म्हणतात. पण त्या वेळी मला वाटलं, ते गाडीलाच म्हणाले. पुढं कितीतरी दिवस त्यांनी आवारातून "अव्वा" अशी हाक दिली की मी आधी खिडकीतून बघायची, मला बोलावताहेत की तिला.

त्यांच्या गळ्यात तेव्हाही स्टेथोस्कोप असायचा. इंजिन चालू करून ते तो बॉनेटला लावायचे, डोळे मिटायचे आणि मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही. दुपारची वेळ असायची. लिंबाच्या सावलीत कवडसे हलायचे, लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असायची, इंजिनाची घरघर त्या आवाजात मिसळून जायची आणि डॉक्टर गाडीला टेकून झोपलेत की काय अशी शंका यायची. आपण काही बोललो की ते डोळे न उघडता बोट वर करायचे. "घाई न्हाय. रवंथ करतीय."

गावातल्या गाड्या त्यांच्या हातून बऱ्या व्हायच्याच असं नाही. शेजारच्या मास्तरांची स्कूटर चालू होईना तेव्हा त्यांनी तिला तपासून "रोग काही न्हाय, रुसलीय" असं निदान केलं होतं आणि मास्तरांना रोज सकाळी तिच्याजवळ थोडा वेळ बसायला सांगितलं होतं. मास्तर बसलेही. शेवटी टाकीत पेट्रोल नाही हे मास्तरीणबाईंच्या लक्षात आलं. डॉक्टरांना त्याचं वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, "उपाशी होती, म्हणूनच रुसली."

त्यांच्या घरात आणखी एक माणूस होतं, महानंदाकाकू. डॉक्टरांची बायको. मी राहायला आले त्या पहिल्या संध्याकाळी काकू दारात येऊन लिंबाच्या झाडाला म्हणाल्या, "भाकरी झालीय म्हणावं." आवारात बसलेले डॉक्टर उठले आणि झाडाला म्हणाले, "हात धुवून आलो म्हणावं." मला वाटलं, ही काहीतरी इथली रीत असेल. हळूहळू कळलं की दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

झालं असं होतं. पुण्याला त्यांची मुलगी असते. डॉक्टर रिटायर झाल्यावर तिनं दोघांना कायमचं बोलावलं. काकूंनी हौसेनं सगळी बांधाबांध केली, शेजारपाजारचा निरोप घेतला, तुळससुद्धा एका बादलीत काढून घेतली. निघायच्या दिवशी डॉक्टर अंगणात बसून राहिले आणि म्हणाले, "मी तिथं जाऊन काय करू? लिफ्टला तपासू?" काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी एकेक गाठोडं सोडलं, भांडी फळीवर लावली, तुळस परत वृंदावनात लावली. आणि त्यानंतरही काही बोलल्या नाहीत. त्याला दोनेक वर्षं झाली असतील. एकट्या पुण्याला गेल्या असत्या तर कुणी अडवलं नसतं. गेल्या मात्र नाहीत. त्यांच्या वेळेवर भाकरी, त्यांच्या कपड्यांना इस्त्री, त्यांच्या गुडघ्याला तेल, सगळं होतं. फक्त बोलणं झाडाशी, मांजराशी आणि आता माझ्याशी.

"अव्वा, त्यास्नी विचार, दूध आणलं का?"

डॉक्टर माझ्या शेजारीच उभे असायचे. मी विचारायची. ते मला उत्तर द्यायचे. काकू ते माझ्याकडून पुन्हा ऐकून घ्यायच्या.

तर अशा घरात माझ्या गाडीचा ब्रेक मऊ झाला.

भूमहून परत येताना पहिल्यांदा जाणवलं. ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय कुठंतरी आत, गादीवर पडावा तसा पडला. गाडी थांबली, पण माझ्या सांगण्यावरून नाही. तिच्या मनात आलं तेव्हा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. ते मन लावून ऐकत होते.

"एकदा दाबलं की मऊ, आणि भराभरा दोन-तीनदा दाबलं की घट्ट?"

"हो. अगदी तसंच."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जुना आनंद पसरला. "पोट फुगलंय."

"कुणाचं?"

"हिचं. गाईनं ओला घास जास्त खाल्ला की पोटात वारा धरतो. कुशीवर बोटानं दाबलं की आत जातं बघ, तसं. ब्रेकच्या नळीत तेल असतंय, अव्वा. तेल दबत न्हाय, ते पुढं ढकलतंय. मधी हवा शिरली की तुझा सगळा जोर ती हवा दाबण्यात जातो. चाकापतूर पोचतच न्हाय."

त्यांनी बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाचा डबा बघितला. तेल बरंच खाली गेलं होतं. "तहानलेली पण हाय," असं म्हणून त्यांनी तो भरला. मग घरातून सलाईनची जुनी पारदर्शक नळी आणि एक रिकामी बाटली आणली. गाडीच्या पुढच्या चाकामागं हवा काढायचा एक छोटा स्क्रू असतो, त्याला नळीचं एक टोक लावलं, दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं, आणि ते चाकाशेजारी आडवे झाले.

"हे एकट्याचं काम न्हाय," ते खालून म्हणाले. "तू पेडलवर बस. मी दाब म्हटलं की दाबायचं. धर म्हटलं की धरून ठेवायचं, मी स्क्रू ढिला करीन, पाय खाली जाईल, तरी सोडायचं न्हाय. स्क्रू आवळून मी सोड म्हटलं की मगच सोडायचं. आणि दरवेळी मला तोंडानं सांगायचं. मला तुझा पाय दिसत न्हाय, तुला माझा हात दिसत न्हाय. आवाज तेवढा दोघांत."

दार उघडं टाकून मी बसले.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

पायाखाली पेडल हळूहळू बुडायचं. अंगातून काहीतरी निघून चाललंय असं वाटायचं. मग पुन्हा "सोड", "सोडलं". मी वाकून बघितलं तर बाटलीत पिवळसर तेलातून लहान लहान बुडबुडे वर येत होते, माशानं तोंडातून सोडावेत तसे, अगदी सावकाश. वर लिंब झुलत होता. थोड्या वेळानं शब्दांचा अर्थ गेला आणि नुसती लय उरली. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. माझे डोळे मिटू लागले. काकू दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. काम संपल्यावर त्या मांजराला म्हणाल्या, "गाडीसंगं बरं बोलता येतंय."

पुढच्या दोन्ही चाकांची हवा निघाली. पेडल टणक लागू लागलं. डॉक्टर दिवसभर गावात "वारा काढला, वारा काढला" असं सांगत फिरले. मला त्यांनी दोन दिवस गाडीला हलका आहार द्यायला सांगितला, म्हणजे गावातल्या गावात फिरवायला. मी फिरवली. सगळं ठीक होतं.

त्या आठवड्याच्या शेवटी मी भूमला निघाले. नळदुर्गच्या थोडं अलीकडं रस्त्याच्या कडेनं मेंढरांचा कळप चालला होता. मागच्या एका मेंढीला अचानक पलीकडं जावंसं वाटलं आणि तिच्या मागं सगळा कळप रस्त्यावर उतरला. मी ब्रेक दाबला. पाय थेट खाली गेला. तिथं काहीच नव्हतं. मऊसुद्धा नव्हतं. मी पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. गाडी कशीबशी थांबली तेव्हा बंपरच्या पुढं, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, एक मेंढी उभी होती आणि काचेतून माझ्याकडं बघत होती. तिला काही घाई नव्हती. मी मात्र आरशात बघितलं, तर तिथं एक घाबरलेलं माणूस होतं. कारण तुळजापूरचा घाट अजून पुढंच होता.

क्रेनवाल्याला बोलावलं. त्यानं पुढची चाकं उचलून गाडी मुरुमला आणली. पुढचे दोन्ही पाय वर आणि तोंड आकाशाकडं करून आपला पेशंट आवारात शिरताना पाहून डॉक्टर उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मी काय झालं ते सांगितलं. काकूंनी मला हाताला धरून आत नेलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग बाहेर येऊन त्या लिंबाला म्हणाल्या, "लेकरू गेलं असतं म्हणजे? आँ? मग काय काढलं असतं, वारा?"

लिंब काही बोलला नाही. डॉक्टर खाली बघत होते.

सकाळी उठले तर ते गाडीसमोर पाटावर बसलेले. स्टेथोस्कोप गळ्यात नव्हता.

"अव्वा, औषध दिलं, रोग न्हाय बघितला," ते म्हणाले. "हवा शिरली, ती काढली. पण शिरली कुठनं? डब्यातलं तेल कमी झालं, ते गेलं कुठं? हे विचारलंच न्हाय. सगळं पुढनं बघितलं मी."

मग ते उठले. गाडीच्या अंगावर हात ठेवला आणि हात न उचलता, दाराच्या कडेनं, खिडकीच्या काचेवरून, एकेक पाऊल टाकत मागं गेले. मागच्या डाव्या चाकापाशी थांबले. घाबरलेलं माणूस कसं दिसतं ते मला कालच कळलं होतं, म्हणून ओळखू आलं. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. गाडीनं काही केलं नाही. मग ते हळूच खाली बसले.

चाक काढलं, आतला ब्रेकचा ड्रम काढला. आत सगळं ओलं होतं. काळी धूळ तेलात भिजून तिची पेंड झाली होती. चाकातले ब्रेक ढकलणारं जे छोटं सिलिंडर असतं, त्याचं रबर झिजून तिथून तेल गळत होतं. बाहेरून एक थेंब दिसला नसता. डॉक्टर त्याच्याकडं बघत राहिले. "ही बिचारी कवाधरनं सांगत होती," ते म्हणाले.

नवीन सिलिंडर आणि तेलात भिजलेल्या ब्रेक-लायनरच्या जागी नवे लायनर आणायला ते स्वतः उमरग्याला गेले. परत आले ते धावतच. एसटीत जागा मिळाली का असं मी विचारलं, तर त्यांना आठवेना. दुपारभर बसून त्यांनी सगळं जोडलं. आता राहिलं होतं हवा काढणं, आणि या वेळी चारी चाकांची, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून. म्हणजे मागचं डावं. ते चाकामागं आडवे झाले, नळी लावली, मी पेडलवर बसले. आठ-दहा वेळा "दाब, धर, सोड" झालं. बाटलीत बुडबुड्यांची रांग लागली होती.

तेवढ्यात दादांचा फोन आला. दादा म्हणजे माझे वडील. काल येत नाही एवढंच कळवलं होतं, म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. आवारात नीट ऐकू येत नाही, म्हणून "आलेच, काका" असं म्हणून मी उतरले आणि फाटकाबाहेर गेले. दादांना मेंढरांचं काही सांगितलं नाही. गाडीचं काम चाललंय, पुढच्या सुट्टीला येते, एवढंच म्हणाले. ते त्यांच्या शेजाऱ्याच्या नव्या बोअरबद्दल सांगायला लागले. मी ऐकत होते.

आतून डॉक्टरांचा आवाज आला. "दाब, अव्वा."

माझं आलेच त्यांना ऐकू गेलं नव्हतं बहुतेक. मी फोन कानाला लावूनच परत फिरले आणि फाटकात थांबले.

ड्रायव्हरच्या जागी काकू बसल्या होत्या. चपला बाहेर काढून ठेवलेल्या, पदर कमरेला खोचलेला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी परात धरावी तसं धरलेलं. समोर काचेतून त्या कुठंतरी लांब बघत होत्या.

"दाबलं," काकू म्हणाल्या.

गाडीमागं डॉक्टरांचे नुसते पाय दिसत होते. ते हलायचे थांबले. गिरणी बंद होती बहुतेक, कारण इतकी शांतता मी त्या आवारात कधी ऐकली नव्हती. लिंबाचं एक पिवळं पान टपावर पडलं, तेही ऐकू आलं.

"धर," डॉक्टर म्हणाले.

"धरलं."

"सोड."

"सोडलं."

काकूंचं एकदाही चुकलं नाही. बुडबुडे येत राहिले, मग विरळ झाले, मग एखादाच. डॉक्टर दुसऱ्या चाकाकडं गेले, मग पुढच्या, मग शेवटच्या. माझ्या कानात दादा अजून बोअरबद्दलच सांगत होते. मधे एकदा तेल भरायला बॉनेटपाशी आले. उघड्या बॉनेटच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला काचेमागं त्या. कुणीच मान वाकडी करून पलीकडं बघितलं नाही. तेल भरून ते पुन्हा खाली आडवे झाले.

आता नळी स्वच्छ होती. मी जिथं उभी होते तिथूनही दिसत होतं. सोनेरी तेलाची एक अखंड, थेंबभरही न तुटणारी रेघ बाटलीत उतरत होती. हवा केव्हाच संपली होती. पेडल दगडासारखं झालं असणार, काकूंच्या पायाला ते कळत असणार.

"दाब."

"दाबलं."

ऊन भिंतीवरून उतरून गाडीच्या दारापर्यंत आलं होतं.

"धर."

"धरलं."

थोडा वेळ "सोड" आलंच नाही. मग डॉक्टरांनी विचारलं, "पाय दुखतोय का गं?"

स्टिअरिंगवरचा एक हात काढून काकूंनी डोळ्यांपाशी नेला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमी सांगत ऱ्हावा."

"हॅलो?" माझ्या कानात दादा विचारत होते. "ऐकतीस ना? झाली का गं गाडी?"

"नाही दादा," मी हळू आवाजात म्हणाले आणि फाटक न वाजवता ओढून घेतलं. "अजून चाललंय."